हरण्याच्या पोटात काय होतं

पोळ्याचा दुसरा दिवस, सकाळ. लोहाऱ्याजवळचं एक गाव. गोठ्यात हजर: बैलांचे मालक दत्तूअण्णा, त्यांची बायको कमलबाई, दाराबाहेर धाकटा भाऊ नवनाथ, आणि जनावरांच्या दवाखान्यातून आलेली मी. बैल दोन. माणक्या उभा, हरण्या आडवा.

"म्याडम, इख घातलंय," अण्णा म्हणाले. "तसं लिहून द्या. मला ठाण्यात जायचंय."

"कोणी घातलं?"

त्यांनी बाहेर बोट दाखवलं. "वाटण्या झाल्यापासनं ह्याला गोठ्यात यायची मनाई हाय. काल सांजच्याला हितनं निघताना मी बघितलाय."

नवनाथ पायाने माती उकरत राहिला. मला ते खटकलं. खोटा आळ आला की माणूस ओरडतो.

विषाची केस मी ठरलेल्या क्रमानेच तपासते. तोंडाला फेस नव्हता. डोळ्यांच्या बाहुल्या विषाने बारीक व्हायला हव्या होत्या, त्या उलट मोठ्या. फवारणीच्या औषधाचा वास नाही. शेण मात्र पातळ आणि आंबूस. पोटावर मूठ दाबली तर आत पाणी डुचमळलं.

"काल काय खाल्लं?"

"रोजचंच. कडबा."

"पोळ्याच्या दिवशी?"

"निवदाची एक पोळी," कमलबाई म्हणाल्या आणि पदर सारखा करू लागल्या.

माझा विश्वास बसला नाही. जनावर आजारी पडलं की घरचे लोक त्याचं खाणं कमी करून सांगतात.

नळीने पोटातलं पाणी काढलं. त्यात आंबटपणा दाखवणारी कागदी पट्टी बुडवली, ती नारिंगी झाली, म्हणजे पाणी नको तेवढं आंबट. पाणी गाळलं. चाळणीत अख्खे गहू, हरभरे, पोळीचे लगदे.

"एका पोळीत एवढं, कमलबाई?"

"घुगऱ्या बी होत्या. पाटीभर. वर्षभर राबतंय जनावर, सणाला हात आखडायचा व्हय?"

"पण त्या दोघांत वाटल्या," अण्णा लगेच म्हणाले. "माणक्या बघा, ठणठणीत. मग ह्यालाच कसं झालं?"

प्रश्न बरोबर होता. मी दाराकडे वळले. "नवनाथ, तुम्ही काय घातलं?"

"इचारा, इचारा!" अण्णा म्हणाले.

"पोळ्या," नवनाथ म्हणाला. "परातभर."

"चोरून?"

"दारातनं कोण येऊ देतंय? वासरू होता तवापासनं म्याच वाढवलाय त्याला. माझ्या घरचा निवद त्याला नको व्हय?"

हरण्याला काय झालं ते मी अण्णांना समजावून सांगितलं. बैलाच्या पोटात कडबा पचवणारे सूक्ष्म जीव असतात. एकदम गोडाधोडाचा, धान्याचा ढीग पडला की आंब करणारे जीव माजतात आणि कामाचे मरतात. ती आंब रक्तात उतरते, तिथून डोक्यात जाते. बैल झिंगतो, धन्याला ओळखत नाही. पोट बिघडलं की स्वभावही जागेवर राहत नाही. सणाच्या जेवणानंतर आपलंही थोडं तेच होतं, पण आपण त्याला सुस्ती म्हणून झोपतो.

"म्हंजे इख न्हाय?"

"नाही. एका घरचं असतं तर कदाचित पचलंही असतं."

पोट धुतलं, खायचा सोडा पाजला, शिरेतून सलाईन लावलं. शेवटचं काम राहिलं: माणक्याच्या पोटातलं पाणी काढून हरण्याला पाजायचं, म्हणजे कामाचे जीव परत जातात. एकाने याचं तोंड धरायचं, दुसऱ्याने त्याचं.

"नवनाथ, आत या."

अण्णा दारातून बाजूला सरकले.

दोन दिवसांनी हरण्या रवंथ करत होता. कागदावर मी 'धान्याचं अजीर्ण' लिहिलं. अण्णांनी ते दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. ठाण्यात गेले नाहीत. तेव्हापासून विष शोधायला बोलावलं की मी आधी लाड शोधते.

माझ्या यादीत एक काम मात्र तसंच आहे. पुढच्या पोळ्याला कुठल्या घरचा निवद किती, हे दोघांना समोरासमोर बसवून ठरवायचं. अण्णा म्हणतात, "त्याला सांगा." नवनाथ म्हणतो, "त्यांना इचारा."