चढावरची मिसिंग

गाडी दारातून आत येईपर्यंत मिस्त्री तिचं दुखणं ओळखतात, अशी त्यांची ख्याती होती. पण सिस्टरची गाडी त्यांनाही ताकास तूर लागू देईना. गॅरेजात अगदी गरीब गाय. टेकडीचा चढ लागला की मधूनच आचके देणार, पुन्हा सरळ होणार. वरच्या दवाखान्यात बाळंतिणी खोळंबायच्या आणि सिस्टर निम्म्या वाटेत स्टिअरिंग धरून बसायची. दोन गॅरेजवाल्यांनी प्लग बदलून हात टेकले होते.

मिस्त्रींनी इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर बोट ठेवलं. त्यांची थोरली लेक त्यांच्याच हाताखाली शिकलेली. ती स्कॅनर लावून सिस्टरबरोबर टेकडी चढून आली होती.

"पंप गेला असता तर चारही सिलिंडर उपाशी राहिले असते, बाबा," ती म्हणाली. "इथे एकटा तिसराच रुसतोय."

गिऱ्हाइकासमोर बोललेलं मिस्त्रींना झोंबलं. पण बोलणं खोटं नव्हतं. ते स्टूल ओढून बघत बसले.

तिने तिसऱ्याची ठिणगी देणारी कॉइल पहिल्याला लावली. तरी चढावर तिसराच मिसिंग, ठोका चुकवणारा. प्लगची अदलाबदल केली, तरी तेच. आता ही आपल्याला विचारायला येणार, असं मिस्त्रींना वाटलं. ती आली नाही. इंजिन चालू ठेवून ती एकेक वायर बोटांनी हलकेच ओढून बघू लागली. तिसऱ्यात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची वायर ताणली आणि इंजिनने आचका दिला. सोडली, सुरळीत. पुन्हा ताणली, पुन्हा आचका. वरचं आवरण शाबूत होतं. सोलून बघितलं तर आतली तांब्याची तार जेमतेम एका धाग्यावर तग धरून होती.

"जोडून टाक, झालं," मिस्त्री म्हणाले.

"तुटायला का आली, ते बघू आधी."

तिने सिस्टरला ब्रेक दाबून गिअर टाकायला आणि क्लच जरासा सोडायला सांगितलं. इंजिन एका अंगाला चांगलंच कलंडलं. इंजिन ज्यावर बसतं त्या खालच्या माउंटिंगचं रबर फाटलं होतं. चढावर जोर लागला की इंजिन कलायचं, वायर ताणली जायची आणि तिसरा सिलिंडर उपाशी राहायचा. मिस्त्रींनी वाकून ते रबर बघितलं. स्वतः असते, तर वायर जोडून गाडी वाटेला लावली असती आणि चार दिवसांत ती पुन्हा दारात आली असती, हे त्यांना लख्ख कळलं.

नवं माउंटिंग बसलं, वायरला ऐसपैस ढील मिळाली. मग तिघंही टेकडीवर निघाली. सिस्टर गाडी चालवत होती, लेक शेजारी, मिस्त्री मागे. अवघड वळण आलं, गेलं. इंजिन एका सुरात ओढत राहिलं.

सिस्टर आरशात बघून म्हणाली, "शेवटी तुमचाच हात लागावा लागतो, मिस्त्री."

"माझा हात गुडघ्यावर होता," मिस्त्री म्हणाले. "गाडी हिने बरी केली. माझा अंदाज चुकला होता."

लेक खिडकीबाहेर बघत राहिली, पण तिचे कान लाल झालेले त्यांना मागून दिसत होते. मिस्त्रींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दवाखान्याच्या दारात वॉचमन भेटला. त्याने काही विचारलं नव्हतं. तरी मिस्त्रींनी त्याला माउंटिंगपासून सगळं सविस्तर सांगितलं.