सुरुचीची पेटी

परदेशीपुऱ्यातली सुरुची लग्नांचे फोटो काढायची. मदतीला येणारा दीर शार्दूल याने तिची कापडी बॅग बसच्या टपावर भिरकावली आणि लेन्स फुटली. माफी मागणं दूरच, नवी बॅग घेताना तो दुकानदाराला म्हणाला, "भिया, सस्तीवाली दाखवा. वहिनींना नुसता शौक आहे."

सुरुचीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने दुकानातल्याच एका फोम लावलेल्या कडक पेटीत कॅमेरा ठेवला, झाकण लावून पेटी गदागदा हलवली. आत काहीच हललं नाही.

"हीच द्या."

"एवढं धूड उचलणार कोण?" शार्दूल हसला.

"मी. भाऊजी, माझ्या सामानाला पुन्हा हात लावायचा नाही."

पुढच्या लग्नाला ती एकटीच गेली. खांदा भरून आला, पण दिराला तिने बोलावलं नाही.