शेजाऱ्याला नावाने हाक मारणारं दैव

मस्कतच्या गाला भागात माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लावून शेजाऱ्याचं टाइल्सचं. तो उडुपीकडच्या एका खेड्यातला, मी सिंधुदुर्गातला. त्याने बोर्ड बदलला की मी त्याहून मोठा लावतो. त्याने नवा पिकअप घेतला, पाठोपाठ मीही घेतला. मी इथे आलो तो दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये पाने पुसायला; पुढचं सगळं घासाघीस करून मिळवलं. पण त्याच्याकडची एक गोष्ट मला कुठल्याच बाजारात मिळेना.

दर वर्षी त्याच्या गावच्या घरी दैवाचा नेम, म्हणजे उत्सव असतो. तुळू लोकांचं हे दैव एका माणसाच्या अंगात येतं आणि घरातल्या एकेकाला पुढे बोलावून विचारपूस करतं. रजेवरून परतला की शेजारी मोबाइल माझ्या नाकासमोर धरायचा.

"देखो भाई, नाम लेके बुला रहा है मेरेको!"

त्या दिवशी मी गिऱ्हाइकाला एक बैसासुद्धा सोडायचो नाही.

आमच्या जत्रेत देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने सगळ्यांसाठी मागायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मागण्याचा मान माझ्या वडिलांचा. ते गेले तेव्हा मी इथे मस्कतला, म्हणून चुलतभावाने तो उचलला. तो मुंबईकरांची नावं घेतो, नव्या सरपंचाचं घेतो. माझं नाही. फोनवर मी त्याला फैलावर घेतलं.

"'परमुलखात आसत त्येंका सांभाळ' असा म्हणतंय मां मी. तुझा वेगळा नाव कित्याक होया? जत्रेक येतंस कधी तू?"

मी फोन कापला.

या वर्षी शेजाऱ्याबरोबर त्याच्या नेमाला गेलो. त्याचं दैव मोबाइलमध्ये दिसतं तेवढं मोठं नसणार, अशी मला आशा होती. पण पिवळा चेहरा रंगवलेलं, कमरेला कोवळ्या झावळ्यांचा घेर बांधलेलं ते दैव पैंजण वाजवत आलं आणि शेजाऱ्याचा हात धरून कितीतरी वेळ बोलत राहिलं. मस्कतच्या बौशर भागात घेतलेल्या नव्या घराचीही चौकशी केली. माझा जळफळाट झाला.

मग घरातल्या वडीलधाऱ्यांनी मला पुढे केलं. पाहुण्यालाही मागता येतं म्हणे. मी कुठल्याही अर्बाबशी, ओमानी मालकाशी सौदा करतो, इथे कशाला लाजू? म्हटलं, "याला बोलवता तसं मलाही दर वर्षी नावाने बोलवा. म्हणाल ते देतो."

दैव तुळूत काही बोललं. शेजाऱ्याने हिंदीत सांगितलं, "बोलता है, इस घर के लोग मेरे. तुमको तुम्हारा देव बुलाएगा. उसके सामने आखिरी बार कब खड़े हुए?"

चुलतभावाचाच प्रश्न! समोर दैव होतं, नाहीतर तिथेच सुनावलं असतं. दैवाने प्रसाद म्हणून हातात पोफळीच्या फुलांचा तुरा दिला, तो मी मुठीत चुरगळला.

मस्कतला परत आल्यावर जत्रेसाठी गोव्यापर्यंतचं विमानाचं तिकीट काढलं. भक्ती वगैरे नंतर. आधी चुलतभावाच्या नजरेसमोर पहिल्या रांगेत उभा राहणार. बघू मला कसा वगळतो.

शेजाऱ्याला कळलं. खूष झाला. "मैं भी आता हूँ भाई, तुम्हारा देव देखने."

"नको," मी म्हणालो. "गर्दी फार असते."

गर्दीचं काही नाही. हा गोड बोलतो, सगळ्यांच्या पाया पडतो. हा आला तर चुलतभाऊ गाऱ्हाण्यात आधी याचंच नाव घेईल.