पाला आहे, पाला म्हणा

दामूअण्णा टपालावर शिक्का मारत नसत, टपालाला मारत असत. आधी शिक्का शाईच्या गादीवर आपटायचा, मग पाकिटावर, आणि दोन्हींच्या मधल्या वेळात कोणावर तरी ओरडायचं, असा त्यांचा ताल होता. शाळेत पोरांना पाढे म्हणायला लावून मी खिडकीशी उभा राहिलो, की समोरच्या ओटीवरचे ते दणके ऐकू यायचे आणि अण्णा आज कशावर चिडलेत ते त्यावरून कळायचं. सावकाश, जड दणका म्हणजे गिरणीतला पांढराफेक तांदूळ. भराभर दणके म्हणजे धसईच्या बाजारात कोणीतरी पैलवानाचं चित्र असलेली शक्तीची बाटली पुन्हा विकत घेतली. आणि कोणी भीतभीत म्हणालंच, "अण्णा, रागावू नका," तर सगळ्यात मोठा दणका त्याच्या वाट्याचा.

"मी रागावलेलो नाही! मोठ्याने सांगतोय!"

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. मुरबाड तालुक्यात, धसईच्या अलीकडच्या एका गावी मी नवा मास्तर म्हणून आलो होतो. मूळचा शहापूरचा, त्यामुळे स्वतःला शहरातला समजणारा. गावची टपाल कचेरी म्हणजे अण्णांच्याच घराची ओटी. तिच्या एका बाजूला सरकारी पेटी, तराजू आणि क्विनिनच्या पुड्यांचा डबा. हिवतापाच्या या पुड्या तेव्हा टपालातच विकत मिळत. दुसऱ्या बाजूला उताणी मांडलेली नळ्यांची कौलं आणि त्यांत दाट, मऊ, वीतभर उंचीचं हिरवंगार काहीतरी. मी उन्हातून चालत आलेलो. अण्णा मान वर न करता म्हणाले, "बसा." मला वाटलं, काय रसिक माणूस आहे, आल्यागेल्यासाठी हिरवळ राखलीय! मी बसलो. कौल फुटल्याचा आवाज आणि अण्णांचा आवाज एकदमच झाला.

"उठा! अहो, उठा! भाजीवर बसता?"

"मला वाटलं गवत आहे."

"गवतच आहे! म्हणून बसायचं? गव्हाचं आहे ते. आता चेपलंत तेवढं तुम्हीच खायचं. हं, चावा!"

चावलं. आधी गोडसर लागलं, मग नुसतंच हिरवं लागलं, आणि शेवटी तोंडात काथ्या उरला. तो थुंकायचा असतो की गिळायचा, हे विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून गिळला. अशा रीतीने, धोतराला मागून चिखल लागलेल्या अवस्थेत, मी दामूअण्णांचा पहिला शिष्य झालो.

कोंबड्यांना धान्याचे कोवळे कोंब घातले की त्या अंडी जास्त देतात, असं अण्णांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं होतं. ते त्यांनी गावाला सांगितलं, ही त्यांची चूक. "अण्णा, मंग तुमी अंडं कदी घालताव?" असं पारावरून रोज कोणीतरी ओरडायचं. "घालीन, तुझ्या टाळक्यात घालीन!" असं उत्तर जायचं.

पण त्यांच्या डोक्यात कोंबड्या नव्हत्या, चैत्र होता. पावसाळ्यात आमच्या रानात कुर्डू, टाकळा, फोडशी, हवी ती भाजी फुकट मिळते. होळी झाली, की रान वाळून कोळ होतं. मग गावाबाहेरच्या वाडीत नाचणीची भाकर आणि मिरची-मीठ, थेट पावसापर्यंत. पोरांच्या हिरड्यांतून रक्त यायचं. दिवेलागणीला ती उंबऱ्याला अडखळायची, कारण त्यांना दिसतच नसे. अण्णांना हे बघवत नसे, आणि बघवलं नाही की ते चिडत. "तानसाचं पाणी मुंबईला! लाकूड मुंबईला! म्हशीचं दूध मुंबईला! इथे मागे काय राहिलं? मी!" असं म्हणून ते कोणा बिचाऱ्याच्या मनिऑर्डरीवर शिक्का हाणायचे.

रेशनवर तेव्हा गहू येऊ लागला होता. आमची माणसं भात खाणारी. त्या गव्हाचं करायचं काय ते कोणाला कळेना. निम्म्या घरांनी तो कोंबड्यांपुढे टाकला. अण्णा दारोदार फिरून ओरडून मूठ मूठ गहू मागून आणत. रात्रभर भिजवायचा, ओल्या फडक्यात मोड आणायचे, कौलात माती आणि शेणखत घालून वर पसरायचा, ओलं गोणपाट झाकायचं. पाला वीतभर झाला की कात्रीने कापायचा, पाट्यावर वाटायचा, पंच्यातून पिळायचा आणि ताकात घालून वाडीतल्या पोरांना द्यायचा. नाक मुरडणाऱ्याला आणखी अर्धी वाटी.

आणि प्रत्येकाला तेच व्याख्यान: "मूठभर गव्हाचा पाला म्हणजे एक जुडी भाजी. कुठल्याही कोवळ्या पाल्यात असतात ती जीवनसत्त्वं यात आहेत. हिरड्या धरतील, डोळ्यांना बरं, रक्ताला हातभार. बस्स! याच्यापुढे काही नाही. पाला आहे, पाला म्हणा. अमृत म्हणाल तर ओटीवरून खाली ढकलीन."

इथे माझा प्रवेश होतो. देवाने मला अक्कल मोजून दिली आणि जीभ मोजायला विसरला. अण्णांचा पाला मी दोनेक महिने खाल्ला असेल. त्याच सुमारास विहिरीत वाकून बघताना माझा चष्मा पाण्यात पडला. नवा घ्यायला ठाण्याला जायला हवं होतं. तोवर पारावर कोणीतरी विचारलं, "मास्तर, चष्मा कुठं गेला?"

मी म्हणालो, "सुटला! अण्णांचा पाला खातोय ना!"

गंमत केली हो. लोक हसतील असं वाटलं. कोणी हसलं नाही. त्यांचे चेहरे मला नीट दिसले असते तर तिथेच सावरून घेतलं असतं, पण चष्मा नव्हता. उलट लोक गप्प झालेले पाहून मी रंगात आलो आणि म्हणालो, "पाला पोटात असला की दुसरं काही लागत नाही!" मग रुबाबात उठलो आणि शाळेच्या खांबावर आपटलो. तेही कोणी मनावर घेतलं नाही.

हे असं का झालं ते सांगायला हवं. आमच्याकडे गव्हाचे कोंब लोकांना ठाऊक होते ते फक्त नवरात्रातले. घटाभोवतीच्या मातीत ते रुजतात, आणि दसऱ्याला देवीचे म्हणून टोपीत, अंबाड्यात खोवले जातात. अण्णांच्या ओटीवर ते ऐन पौषात तरारलेले, आणि आता तर मास्तराला दृष्टी आलेली! आठवड्याभरात कौलांवर हळद-कुंकू पडलं. मग नारळ आले. माणसं चपला काढून ओटीवर चढू लागली. वाटीतला रस कोणी पिईना. पात्या कानामागे खोचून, पाया पडून जाऊ लागली.

अण्णांचा संताप मी काय वर्णावा! ते नारळ फोडून तिथल्या तिथे पोरांना वाटायचे. "हे खा! यात ताकद आहे!" लोकांना वाटलं, प्रसाद मिळाला. शेवटी त्यांनी मला पाटी रंगवायला सांगितलं: "हा पाला आहे. यात देव नाही. ताप आल्यास क्विनिन घ्या." मी अक्षर झोकात काढलं, भोवती वेलबुट्टीही काढली. वाचता येणारे गावात किती? दुसऱ्या दिवशी पाटीला हार.

"मास्तर," अण्णा दात आवळून म्हणाले, "तुम्ही शिकवलेली पोरं कुठे जाणार आहेत, ते मला दिसतंय. आणि मला चष्मा नाही."

असं आमचं चाललं होतं, आणि खरं सांगतो, मला मनातून मजाच वाटत होती. मग एका सकाळी वाडीतली चांगुणी पाला न्यायला आली. तिचा नवरा गोमा हिवतापाने पडलेला. लढाईमुळे क्विनिन मिळेनासं झालं होतं; डब्यात राहिलेल्या पुड्यांपैकी अण्णांनी तिला पाच-सहा दिल्या होत्या.

"ताप काय म्हणतो गो?" अण्णांनी शिक्का उचलत विचारलं.

"देवीनं वडून घेतला, अण्णा. आता थरथरत नाय, बोलत नाय, गुमान पडून हाय."

"पुड्या संपल्या?"

"नाय. जपून ठिवल्यात. देवीचा पाला चालू असता कडू कशी देवू? मास्तर बोललं ना, पाला असला का दुसरा काय लागत नाय."

शिक्का वरच राहिला. तो दणका आलाच नाही. अण्णांना शांत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भर कचेरीच्या वेळात सरकारी पेटीला कुलूप घातलं, पायताणं न घालताच निघाले. मी मागून धावत गेलो.

गोमा पिवळा पडला होता. दोन्ही कानांमागे गव्हाच्या पात्या, उशाशी पात्या, छातीवर पात्या. दसऱ्याला सजवल्यासारखा. अण्णांनी त्या सगळ्या ओरबाडून बाहेर फेकल्या, तेव्हा चांगुणी किंचाळली.

"अण्णा, देवी कोपंल!"

"तिला माझ्याकडे पाठव! पुड्या काढ आधी!"

तिने लुगड्याच्या घडीतून पुड्या काढल्या. पेजेत कालवलेली पहिली पुडी गोमाने तोंडातून परत लोटली. अण्णांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "गिळ रे, गोमा! गिळ, बाळा! मी रागावलेलो नाही, गिळ!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र अर्ध्या तालुक्याला ऐकू जाईल असा. गोमाने गिळलं. मी पाटलाची बैलगाडी आणली, आणि आम्ही त्याला मुरबाडच्या दवाखान्यात पोचवलं. डॉक्टर म्हणाले, उद्यावर गेलं असतं तर आणायची तसदी घ्यावी लागली नसती.

परत येताना गावात शिरल्यावर अण्णांनी पाराशी गाडी थांबवली आणि माझं बखोट धरून मला वर उभं केलं. एरवी मला अहो-जाहो करणारे अण्णा म्हणाले, "सांग. विहिरीसकट सांग!"

मी सांगितलं. चष्मा पडला, मी खोटं बोललो, मला अजूनही दोन हातांपलीकडे दिसत नाही. एवढ्या सरळपणे मी आयुष्यात कधी गोष्ट सांगितली नव्हती. आणि लोक काय म्हणाले? "मास्तर लाजतायत! देवीचा चमत्कार कोन कबूल करतो का?" खोटं एका वाक्यात पटलं होतं; खरं सांगून घसा बसला, तरी पटेना.

अण्णा ओटीवर गेले. एकेक कौल उचलून अंगणात मांडलं आणि चांगुणीला म्हणाले, "तुझी शेळी आण." सगळ्या गावासमोर शेळीने देवीचा पाला खाल्ला. पात्या, मुळं, वरचं कुंकूसुद्धा. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. वीज पडली नाही, घागर घुमली नाही. शेळीने ढेकर दिल्यासारखं केलं, पाटीवरचा हारही ओढून खाल्ला आणि चार लेंड्या टाकल्या.

देव संपला. पण भाजीही संपली. "शेळीचं खाणं आमी कशाला खावू?" म्हणून लोकांनी गहू देणं बंद केलं, पोरांना ओटीवर पाठवणं बंद केलं. ऐन चैत्र तोंडावर आलेला. अण्णा स्वतःच्या रेशनचा गहू पेरत, पाला कापत आणि वाट बघत. कोणी आलं नाही. "घेऊन जा गो, रोज तुझ्या शेळीला घाल. तिला तरी अक्कल आहे," असं ते चांगुणीला म्हणत. माझ्याशी बोलणं बंद होतं. टपाल घ्यायला गेलो की पाकीट भिरकावत. मला शिव्या हव्या होत्या, पण त्याही मिळत नव्हत्या.

मग एक दिवस चांगुणी आली, ती दोन्ही पोरांना घेऊन. मागे काठी टेकत गोमा.

"अण्णा, शेळीनं दूध वाढवलंय. आंगावर चकाकी आलीय. मी बोलले, शेळीला सोसतंय तर माज्या पोरांना का नाय? द्या त्यांना वाटी वाटी."

अण्णांनी शिक्का उचलला. मग जो दणका बसला, त्याने शाईची गादी उलटली. "दोन वर्षं घसा फोडून सांगतोय, माझं ऐकलं नाही! मास्तराचं खोटं ऐकलं! आणि आता शेळीचं ऐकता?" पण ओरडता ओरडता ते पाटा धुवत होते. त्या पावसाळ्यापर्यंत वाडीतली सगळी पोरं ओटीवर येऊ लागली. आणि मला पहिली शिवी मिळाली, तीही रस सांडला म्हणून.

अण्णा लढाई संपल्यावर गेले, श्रावणात, रान भाज्यांनी भरलेलं असताना. कोणाला त्यांच्या कौलांची गरज नव्हती अशा दिवसांत. नाहीतर ते गेले असते असं मला वाटत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी धसईच्या बाजारात गेलो होतो. एक माणूस चादर पसरून हिरव्या पाण्याच्या बाटल्या विकत होता. गव्हांकुरांचा अर्क! ताप, खोकला, वांझपण, दृष्टिदोष, सगळ्यावर एकच बाटली. एक बाई कडेवर तापलेलं मूल घेऊन उभी. माझा चष्मा बघून तिने विचारलं, "मास्तर, तुमी शिकलेलं. ह्यानं पोराचा ताप जाईल का?"

सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. चष्मा होता, विहीर होती, शेळी होती. रंगवून सांगितलं असतं तर बाजार गोळा झाला असता. मी त्या माणसाच्या बाटलीवर हात आपटला. ती फुटली.

"पाला आहे!" मी ओरडलो. "नुसता पाला! पोराला मुरबाडच्या डॉक्टरकडे ने, आत्ता, माझ्याबरोबर चल!"

"चालते, मास्तर, चालते," बाई घाबरून म्हणाली. "पन रागावू नका."

"मी रागावलेलो नाही," मी म्हणालो, आणि तो आवाज माझा नव्हता.