व्याह्यांचा काटा

आमच्या व्याह्यांचा देवावर विश्वास आहे, पण देवाने आपला काटा शेवटचा कधी तपासून घेतला हे कळल्याशिवाय ते पापपुण्याचा निवाडा मान्य करणार नाहीत. असा माणूस रोज सकाळी माझ्या घरी येऊन बसू लागला आणि त्याला बोलावणं मीच धाडलं होतं. म्हणजे धाडायचं नव्हतं. मुलगी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे, मारतहळ्ळीला आलेली. नातू सात आठवड्यांचा, निव्वळ आईच्या दुधावर. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं आणि म्हणाल्या, "आठवड्यात पंच्याऐंशीच ग्रॅम वाढलाय. जरा कमी वाटतं." मी त्या चिठ्ठीचा फोटो काढला, खाली लिहिलं, 'हे इतक्यात कुणाला बोलू नकोस,' आणि बायकोला पाठवण्याऐवजी दोन्ही घरांच्या मिळून केलेल्या ग्रुपवर पाठवला. त्या ग्रुपवर त्रेचाळीस माणसं आहेत.

दहा मिनिटांत शतावरी आली, लसणीची खीर आली, शेपूची भाजी आली. माझ्या एका चुलतबहिणीने, आपल्या मुलाला दुसऱ्या महिन्यापासून पावडरचा डबा लावला होता आणि आज तो दारातून वाकून आत येतो, असं कळवलं. डॉक्टरीणबाई पुढे बरंच काही बोलल्या होत्या: दर दोन-तीन तासांनी पाजा, पिता पिता झोपला तर तळपाय चोळून जागं करा, लंगोट किती ओले होतात बघा, घाबरू नका, आठवड्याने या. ते कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. व्याह्यांचा एकच ओळीचा निरोप होता : 'काटा कोणत्या कंपनीचा?'

व्याह्यांचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आले आणि परत जायचं विसरले. त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी अशी मुरलेली आहे की वेगळी काढता येत नाही. मी त्यांचा अण्णा आणि माझी बायको अक्का. मी पुण्याहून नोकरीला येऊन तीस वर्षं झाली, पण रिक्षावाल्याशी बोलताना माझी गाडी अजून 'सरी'पाशीच, म्हणजे 'ठीक आहे'पाशीच, बंद पडते. व्याही एका सरकारी कारखान्यात छत्तीस वर्षं मोजमापाच्या लॅबमध्ये होते. बाकीचे ज्या उपकरणांनी मोजतात, ती उपकरणं नीट मोजतात की नाही हे मोजायचं त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर कारखान्याने त्यांना सोडलं, त्यांनी मात्र काही सोडलं नाही. मुलगी बघायला आले तेव्हा पत्रिकेचं नाव काढलं नाही. सरळ स्वयंपाकघरात गेले, गॅसचा सिलिंडर उचलून पाहिला आणि म्हणाले, "अण्णा, हा स्वल्प हलका आहे." त्यांच्या खिशात दोनशे ग्रॅमचं पितळी वजन असतं. ते आधी पारड्यात पडल्याशिवाय वांगी पडत नाहीत. इंदिरानगरची त्यांची भाजीवाली त्यांना लांबून पाहूनच काटा पुसायला घेते. तिरुपतीहून मुंडण करून आले, तर घरचे प्रसादाला हात पसरून उभे आणि हे काट्यावर उभे. आपण देवाला नक्की किती दिलं, ते त्यांना बघायचं होतं.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला हे स्कूटरवरून हजर. दोन पायांच्या मध्ये जुन्या रजईत गुंडाळलेला काटा आणि पिशवीत प्रमाणित वजनांची मखमली पेटी. ही वजनं हाताने उचलायची नाहीत, चिमट्याने. हाताचा घाम लागतो. मग हॉलमध्ये सोहळा सुरू झाला. पंखा बंद, बाल्कनीचं दार बंद, टेबलाखाली कागदाच्या घड्या घालून ते समपातळीवर आणायचं. मी जवळ उभा राहिलो तर, "श्वास स्वल्प हळू, अण्णा." एवढं सगळं जमून आल्यावर नातवाने आजोबांच्या बाहीवर धार सोडली. व्याह्यांनी ती टिपलेलं फडकंही तोललं आणि वहीत लिहिलं. "बाहेर पडलं म्हणजे आत गेलं होतं. पुरावा आहे हा."

जावई व्हाइटफील्डच्या ऑफिसातून दिवसातून तीनदा फोन करी आणि "अप्पांना जरा समजवा ना," असं आम्हालाच सांगे. बायकोने तिकडे डिंकाचे आणि अळिवाचे लाडू असे वळायला घेतले की आठवड्यात मुलीचं वजन किलोभर वाढलं, माझं दीड. नातवाच्या वाट्याला त्यातलं काय जात होतं, ते व्याही रोज वहीत लिहीत होते.

इथवर सगळी गंमत होती. तिसऱ्या दिवसापासून पाजण्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, असं वजन सुरू झालं. मुलगी आतल्या खोलीतून बाळाला घेऊन येई, काट्यावर ठेवी आणि विचारी, "अप्पा, किती?" ऑफिसात तीस माणसांना कामाला लावणारी माझी मुलगी निकालाला उभ्या राहिलेल्या शाळकरी पोरीसारखी दिसायला लागली. बाळाकडे बघेनाशी झाली. काट्याकडेच बघायची. लाडू खाताना तिचा चेहरा औषध घेतल्यासारखा असे. मला हे दिसत होतं, आणि मी पेपर वाचत होतो.

पाचव्या दिवशी ती पाऊण तास आत बसून बाहेर आली.

"अप्पा, किती?"

व्याह्यांनी आयुष्यात खोटं माप सांगितलेलं नाही. म्हणाले, "चार ग्रॅम."

तिने बाळाला उचलून आईकडे दिलं. "आई, पावडरचा डबा मागव. माझ्यात काही नाहीये." रडली नाही की चिडली नाही. भाजी संपली असं सांगावं तसं सांगितलं.

व्याह्यांच्या चिमट्यातून एक वजन निसटून सोफ्याखाली गेलं आणि त्यांनी वाकूनही पाहिलं नाही. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो. मग ते तिच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले. "दवाखान्याच्या चिठ्ठ्या दे. दोन्ही." त्यांनी चष्मा पुसला आणि तारखा पुन्हा पुन्हा पाहिल्या. "अक्का, ही पहिली चिठ्ठी बारशाच्या दुसऱ्या दिवशीची ना?"

"हो. लस होती त्या दिवशी."

"वजन करताना अंगावर काय होतं?"

"काही नाही हो. कपडे सगळे काढले होते. वाळे, मनगट्या आणि करदोटा तेवढे राहिले. घातल्यापासून सव्वा महिना काढायचे नाहीत म्हणून तुमच्याच घरून बजावलं होतं."

"आणि दुसऱ्या वेळी?"

"तेव्हा नव्हते. पाय लाल झाले म्हणून मी गुपचूप काढून ठेवले. तुम्हाला कशाला सांगू?"

व्याही उठले. चांदीचे ते सगळे दागिने त्यांनीच घातलेले, आणि सोनाराचा काटा तपासून, चांगले ठसठशीत घडवून घेतलेले. त्यांनी ते पारड्यात ठेवले. पंखा चालू होता, तो बंद करायला सांगायचं विसरले.

"अडुसष्ट," ते म्हणाले. "पंच्याऐंशी आणि अडुसष्ट."

"एकशे त्रेपन्न," मुलगी म्हणाली.

"छत्तीस वर्षं लोकांना सांगत आलो, भांड्यासकट तोलू नका. आणि भांडं मीच घातलं." ते तिच्याकडे बघत नव्हते. "तुझं काही कमी नव्हतं, पोरी. चूक माझी."

"मग आत्ताचे चार?"

"घाबरलेल्या माणसाकडून घेतलेलं माप आमच्या लॅबमध्ये धरत नसत. माझ्या लक्षात यायला पाच दिवस लागले."

तिने आईच्या हातातून बाळाला परत घेतलं. तो गाढ झोपला होता. "तळपाय चोळ," बायको म्हणाली, आणि दोघी आत गेल्या. व्याह्यांनी काटा रजईत गुंडाळला. त्यानंतरही ते रोज येत राहिले, पण रिकाम्या हाताने. दाराशी बसून, सल्ला द्यायला आलेल्या शेजारणींना बाळ झोपलंय असं सांगून परत पाठवत. हे मात्र ते बिनदिक्कत खोटं सांगत.

पुढच्या वेळी दवाखान्यात बायकोने नातवाच्या मनगटाचा काळा दोरासुद्धा काढला. एकशे साठ ग्रॅम वाढला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सावकाश चाललाय, पण चाललाय. असंच पाजत राहा." मी लगेच व्याह्यांना फोन लावला. या खेपेला नंबर दोनदा तपासून.

"अंगावर काही होतं?" त्यांनी विचारलं.

"काही नव्हतं."

ते म्हणाले, "सरी," आणि त्यांनी फोन ठेवला.

घरी आल्यावर मी हे सगळं त्यांच्या आवाजात, चिमट्यासकट बायकोला करून दाखवलं. ती लसूण सोलत होती. हसली. मग हात थांबवून म्हणाली, "हिच्या वेळी मी दुसऱ्या महिन्यात पाजणं बंद केलं. तुमच्या आत्या म्हणाल्या कमी पडतंय, तुम्ही संध्याकाळी डबा घेऊन आलात, आणि मी मान डोलावली. त्या वेळी असा एखादा वेडा माणूस आपल्या घरी आला असता तर."