फोनचं पातळ कव्हर आणि यांचे हात

आमच्या घरात नवी वस्तू आली की ती आधी झाकायची, मग वापरायची. रिमोटला प्लास्टिकची पिशवी, फ्रिजच्या दांडीला कापडी पट्टी, सोफ्यावर चादर आणि त्या चादरीवर आणखी एक जुनेर. पाहुणे आले की वरचं जुनेर तेवढं काढायचं, चादर नाही. सोफ्याचा खरा रंग कोणता, हे मलाच आता आठवून सांगावं लागेल. तेव्हा लेकीनं कॅनडाहून एवढा महागाचा फोन पाठवला आणि मी त्याच्या कव्हरसाठी पैठण गेटच्या बाजारात तीन चकरा मारल्या, यात कुणाला नवल वाटणार नाही. पण खरं सांगते, ते कव्हर मला यांच्या हातांसाठी हवं होतं.

आमचे हे एसटीत ड्रायव्हर. कन्नड, पिशोर, पैठण, जिथं ड्युटी लागेल तिथं. इतक्या वर्षांत गाडी कुठं घासली नाही म्हणून एक बिल्ला मिळालेला. तो कपाटात रुमालात गुंडाळून ठेवलाय. कुणी ठेवला ते सांगायला नको. रिटायर झाले आणि काही वर्षांनी उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलायला लागला. आम्ही हसलो. म्हटलं, जन्मभर स्टिअरिंग हादरत होतं, त्यातलंच काही हातात राहिलं असेल. मग चहाची बशी वाजायला लागली. मग शर्टाची बटणं मी लावू लागले. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी कमी होतं, जात नाही.

लेकीला सांगायचं नाही, हे यांनी दवाखान्याच्या पायरीवरच ठरवून टाकलं.

"ती तिथून माझा हात धरायला यणार हाय का? नोकरी सोडून पळत सुटंल. नाय सांगायचं."

"अहो, पण कधीतरी कळंलच की."

"कळंल तवा कळंल."

नवा फोन म्हणजे पुढूनही काच, मागूनही काच. गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखा. आमच्याकडं दिवेलागण झाली की तिच्याकडं सकाळ होते. तेव्हा ती व्हिडिओ कॉल करायची. तो फोन यांनीच धरायचा, असा यांचा हट्ट. दोन्ही हातांत, छातीसमोर, कोपरं जरा बाहेर काढून, अगदी गाडीवर बसल्यासारखा. लेकीला बाप धडधाकट दिसला पाहिजे ना! मी शेजारी बसून मुंडी घालायची तेवढी.

"बाबा, नेटवर्क खराब आहे का तिकडं? तुम्ही सारखे हलताय."

"व्हय बेटा, ह्या हर्सूलचं नेटवर्क लई बेकार झालंय. तक्रार करून दमलो."

मी उठून ओट्याशी जायची. गॅसवर काही नसलं तरी जायची.

एक दिवस बोलता बोलता फोन निसटला आणि शहाबादी फरशीवर पडला. कोपऱ्याला केसाएवढी चीर गेली. हे खाली बघत बसले. मी फोन उचलला, पदरानं पुसला, म्हटलं, "काय नाय झालं." तर म्हणाले, "आता मोडीत निघालेल्या गाडीसारखं डेपोत जमा करावं लागंल मला." हसतच म्हणाले, पण त्या संध्याकाळी जेवले नाहीत नीट.

दुसऱ्या दिवशी मी पैठण गेटला. मोबाइलच्या दुकानांची तिथं रांगच आहे. मी गेले ते एका मेंदी लावलेल्या दाढीच्या, कपाळावर चष्मा चढवलेल्या माणसाच्या दुकानात.

"पातळ दाखवा," मी म्हटलं. "हातात बसलं पाहिजे. पण पडलं तरी फुटायला नको."

"अम्मा, दोनों बातां एक में कैसे मिलेंगे?" तो हसला. "पतला लिये तो गिरने का डर. मोटा लिये तो डर नक्को."

मी मोठं जाड, काळं, चारी कोपऱ्यांना गाठी असलेलं घेऊन आले. मला भीतीच जास्त होती ना.

यांनी ते उलटसुलट केलं. "हे काय गं? ट्रॅक्टरचं टायर बसवून आणलं का?"

पण संध्याकाळी हसू गेलं. फोन जड झाला होता आणि बोटं पुरत नव्हती. वजनानं मनगट दमलं की हात आणखी कापायचा. लेक तिच्या खिडकीतला बर्फ दाखवत होती आणि हे मध्येच म्हणाले, "ठेवतो बेटा, दार वाजतंय." दार वाजलं नव्हतं.

मग दुसरी चकर. या वेळी गळ्यात अडकवायची दोरी लावलेलं कव्हर आणलं. पडायचा प्रश्नच नाही, मी मनात खूश. यांनी दोरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"पोळ्याला अजून टाइम हाय. आत्तापासून घंटा बांधती का?"

मी दोरी कापून टाकली. तरी यांनी ते कव्हर हातात घेतलं नाही ते नाहीच.

तिसऱ्यांदा मी यांनाच रिक्षात घालून नेलं. रस्ताभर उजवा हात खिशात. दुकानदारानं काउंटरच्या काचेवर दहा-बारा कव्हरं मांडली, म्हणाला, "देखो चाचा, हात में लेके देखो." यांना हात काढावाच लागला. पहिलंच कव्हर उचललं आणि ते काचेवर टकटक टकटक वाजायला लागलं. शेजारचं गिऱ्हाईक वळून बघू लागलं. मी कुठं बघावं मला कळेना. दुकानदारानं खांद्यावरचा रुमाल काढला, घडी घालून काचेवर पसरला, कव्हरं त्यावर ठेवली. आवाज बंद झाला. "आराम से चाचा, कोई जल्दी नै," म्हणाला आणि चष्मा खाली ओढून दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन उघडत बसला. त्या माणसाचं भलं होवो.

यांनी एकेक करून सगळी बघितली. शेवटी एक पातळ, राखाडी रंगाचं हातात धरून ठेवलं. कोपऱ्याला जराशी उंच कड आणि दोन्ही बाजूंना बारीक रेघा, खरखरीत.

"हे बघ. अंगठा बसतो हितं."

मी बोट फिरवून बघितलं.

"कुठल्याबी गाडीचं स्टिअरिंग बघून मी सांगायचो, ड्रायव्हर कसा हाय ते. जिथं अंगठे बसत्यात तिथं रबर झिजतं. हे बी झिजंल बघ वर्षाच्या आत."

"नै घिसेंगा चाचा, नये का नया रहेंगा," दुकानदार मान वर न करता म्हणाला.

किती दिवसांनी हे आपणहून एवढं बोलले. परत येताना रिक्षात हात मांडीवर होता, खिशात नव्हता.

पुढचा महिना, सव्वा महिना बरा गेला. हात कापायचा, पण फोन सुटायचा नाही. लेक म्हणायची नेटवर्क, हे म्हणायचे नेटवर्क. कॉल झाला की रेघांवरून अंगठा फिरवत बसायचे.

मग तो दिवस आला. दुपारी पाहुणे होते, त्या गडबडीत यांची गोळी चुकली. तीही माझ्याच ध्यानात राहायला पाहिजे होती. संध्याकाळी कॉल आला तेव्हा मी खाली बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. लेक काहीतरी सांगत होती. मी वर बघितलं तर यांचे दोन्ही हात असे कापत होते की फोन बोटांतून सरकत सरकत खाली येत होता. यांनी गुडघे जवळ घेतले होते, मांडीवर तो अडेल म्हणून. आणि तोंडानं "हां बेटा, हां बेटा" चाललेलं.

"अहो, पडंल!" मी ओरडले आणि झडप घालून फोन काढून घेतला. "द्या हिकडं, मी धरते."

लेक तिकडून म्हणाली, "अरे वा! आता कसं छान दिसतंय, एकदम स्थिर. आई, तूच धरत जा ना गं रोज."

यांनी ते ऐकलं.

मी पुष्कळदा तो क्षण पुन्हा डोळ्यांपुढं आणते. यांच्या हातांखाली माझा हात घालता आला असता. पुरला असता. दोघांच्या हातांत फोन राहिला असता, आणि पोरीला वाटलं असतं, आई जवळ येऊन बसली. पण माझा हात आधी फोनकडं गेला. जन्मभर वस्तू झाकत, पुसत, वाचवत आले. तो हात दुसरीकडं जाणार कुठं?

दुसऱ्या दिवशी घंटी वाजली तशी मी फोन यांच्यापुढं केला. "धरा ना."

"राहू दे. तुझं चांगलं चाललंय."

"अहो, कव्हर तुम्हीच निवडलं की."

"धर म्हनलं ना."

तेव्हापासून मी धरते. हे माझ्या बाजूला बसतात, शाल घेऊन, दोन्ही हात शालीखाली. उन्हाळ्यात सुद्धा. मी फोन जरा वर धरते, म्हणजे शाल दिसत नाही. लेक दोघांना बघून खूश असते. म्हणते, नेटवर्क सुधारलं वाटतं तुमच्याकडं. हे मान हलवतात. तिला अजून काही माहीत नाही, आणि सांगण्याचा माझा धीर होत नाही. सांगितलं तर यांच्याजवळ राहिलेलं तेवढंही मी काढून घेतल्यासारखं होईल.

परवा पैठण गेटच्या बाजूला काम होतं. त्या दुकानापुढून जाताना दुकानदारानं ओळखलं. चाचा कैसे हैं, विचारलं. मी म्हटलं, बरे आहेत. मग म्हणाला, "और कव्हर, अम्मा?"

मी पिशवीतून फोन काढून दाखवला. त्यानं चष्मा डोळ्यांवर ओढला, कडेच्या रेघांवरून बोट फिरवलं. एकही रेघ झिजली नव्हती.

"देखो, बिल्कुल नया," तो म्हणाला. "मैं बोला था ना."

मी म्हटलं, "हां भाई, बोला था," आणि फोन पदरानं पुसून परत पिशवीत ठेवला.