आजोबांचं लायसन

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही नातवंडांनी विचारलंत, आजोबांची मोटारसायकल गोठ्यात कापडाखाली का आहे, विकायची आहे का. आजोबा फोन माझ्या हातात देऊन लगबगीनं आत गेले. त्यांना सांगायला अवघड वाटतं, म्हणून मी लिहिते.

घरातल्या सगळ्या कागदांच्या मी फायली ठेवते, हे तुम्हांला ठाऊक आहे. विजेची बिलं, सातबारे, तुमच्या बाबांची प्रगतिपुस्तकंसुद्धा. माझ्या कपाटाबाहेर एकच गोष्ट राहिली, ती आजोबांची लष्करातली काळी ट्रंक. तिची किल्ली त्यांच्या कडदोऱ्याला असते आणि गाडीचे कागद त्या ट्रंकेत. लष्करात ट्रक चालवलेला माणूस, कागद चोख असणारच, असं मी धरून चालले. मी कधीही न तपासलेली ती एकच गोष्ट.

त्यांच्या मागं बसून मी इस्लामपूरहून साताऱ्याला माहेरी गेले, पाटणला लग्नाला गेले, सांगलीला तर कितीदा. ते कधी चाळीसच्या पुढं जात नाहीत. पुढं उसाची ट्रॉली असली की तिच्या मागंच राहतात आणि मागचे लोक हॉर्न वाजवून थकतात.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या घरातला कर्ता माणूस आष्ट्याच्या रस्त्यावर अपघातात गेला. डेअरीला दूध घालून तो मोटारसायकलवरून परत येत होता. वळणावर समोरून आलेल्या मोटारसायकलीनं त्याला उडवलं. हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर नव्हतं. धडक देणारा वाचला. त्याच्याकडं लायसन नव्हतं आणि गाडीचा विमा केव्हाच संपला होता. त्याची बायको, आपली शेजारीण, वकिलाकडं गेली तेव्हा तिला कळलं की भरपाई द्यायला विमा कंपनीच नाही, आणि त्या माणसाच्या नावावर गुंठाभर जमीनही नाही.

त्या दिवसांत आमच्या ओट्यावर त्या माणसाला सगळेच बोलले. सर्वांत जास्त मी बोलले. कागद नसताना माणूस रस्त्यावर येतोच कसा, असं मी तीन-चारदा तरी म्हटलं असेल. आजोबा शेजारी वर्तमानपत्र वाचत होते. ते पान उलटत नव्हते, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडं त्या दिवशी कोयत्या-कुदळीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. यंदा मी ठरवलं, गाडीबरोबर तिच्या कागदांनाही हळदकुंकू लावायचं. ही कल्पना मला फारच आवडली होती, माझीच असल्यामुळं. आजोबांकडं कागद मागितले, तर म्हणाले आधी गाडी धुतो. गाडी धुऊन झाली. मग चेनला तेल घातलं. मग आरसे पुसले, दोनदा. तेवढ्यात शेजारीण परसातल्या झेंडूचा हार घेऊन आली. दरवर्षी आपल्या गाडीला तिच्याच झेंडूचा हार असतो, पण यंदा ती आणेल असं मला वाटलं नव्हतं. ती स्वतःच तो हँडलला बांधू लागली.

मी पुन्हा कागद मागितले. आजोबांनी ट्रंक उघडली, कागद माझ्या तबकात ठेवले आणि बाजूला उभे राहिले. मी चष्मा लावला. लायसनची मुदत संपून अकरा वर्षं झाली होती. विम्याला तीन.

ते म्हणाले, राहून गेलं. लष्करात कुणीतरी आठवण करून देत असे, इथं कुणी दिली नाही. आणि मी चालवतो ते किती सावकाश, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

शेजारीण हाराची गाठ मारत होती. "आबा, तुमी सावकाश चालवता, मला ठावं हाय," ती म्हणाली. "त्यानं बी पोलिसांत हेच सांगितलं. सावकाशच व्हतो म्हणून."

ती हे रागानं बोलली नाही. हार सरळ बसला का ते पाहून ती घरी गेली.

आजोबांनी खिशातली गाडीची किल्ली काढून तबकात लायसनशेजारी ठेवली. एरवी पूजेनंतर ते गावातून एक फेरी मारून येतात. यंदा त्यांनी गाडी ढकलत गोठ्यात नेली. मला रागवायचं होतं, पण ती अकरा वर्षं मागच्या सीटवर मीच बसले होते.

विमा दोन दिवसांत उतरवला. लायसनसाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सांगितला, म्हणून सांगलीला ऑपरेशन झालं. तुम्हांला सांगितलं ते याच ऑपरेशनचं, फक्त कारण सांगितलं नव्हतं. मुदत फार उलटल्यामुळं त्यांना नवशिक्यासारखी परीक्षा द्यावी लागते. जमिनीवर आठचा आकडा आखलेला असतो, पाय न टेकता त्यावरून गाडी फिरवायची. बर्फातल्या घाटात ट्रक चालवलेल्या माणसाचा पाय दुसऱ्या वळणावर टेकला. परीक्षा घेणाऱ्या आरटीओच्या साहेबांनी अदबीनं पुढची तारीख दिली. आजोबा घरी येऊन दोन कप चहा प्याले आणि ती जमीनच उतरती होती, असं मला समजावून सांगितलं.

शेतावर सध्या मी त्यांना माझ्या स्कूटरवरून नेते. माझं लायसन चालू आहे. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट असतं, आणि स्पीडब्रेकर दिसायच्या आधीच मागून "अगं, ब्रेक" ऐकू येतं.

तेव्हा गाडी विकायची नाही. ती रोज सकाळी तासभर खळ्यावर येते. किल्ली माझ्या कपाटात, गाडीच्या फायलीत असते आणि आजोबा ती मागून घेतात. खळ्यावर चुन्यानं आठ आखलाय, तो शेजारणीनं. धारा काढून झाल्या की ती कडेच्या दगडावर येऊन बसते.

"आबा, पाय टेकला."

"न्हाई गं. बूट घासला नुसता."

"टेकला. पुन्यांदा."

मग आजोबा गाडी वळवून चुन्याच्या रेघेच्या सुरुवातीला नेऊन लावतात.